स्पेअरला बसलेला माणूस

बाळांनो, जरा डोळे मिटून बसा आणि एक खुर्ची मनात आणा. साधी खुर्ची नव्हे. ती तयार करताना तुम्हाला एका मोठ्या पिशवीवर बसवलं होतं. पिशवीत फेसासारखं काहीतरी ओतलं आणि सांगितलं, आता हलायचं नाही, शिंक आली तरी दाबून धरायची. फेस हळूहळू घट्ट झाला. तुमच्या पाठीचा खळगा, बरगड्यांचा उतार, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे तोसुद्धा, सगळं त्यात उमटलं. आता ती खुर्ची जगात दुसऱ्या कुणाला नीट बसायची नाही.

झाली का तयार? आता पुढचं ऐका. ती खुर्ची एका पेटीत घालून तुमच्याबरोबर देशोदेशी नेतात. वर्षात चोवीस वेळा नेतात, आणि बहुतेक वेळा पेटी न उघडताच परत आणतात. कारण खुर्ची तुमची असली, तरी ती जिच्यात बसवायची ती गाडी दुसऱ्याची. तो आजारी पडला, त्याचा हात मोडला, तरच तुम्ही शर्यतीला बसायचं. आणि त्याला काही व्हावं असं मनात आणायचीही चोरी, कारण रोज सकाळी तो तुमच्याशी हसून बोलतो.

उघडा डोळे. अशी खुर्ची असलेला एक माणूस होता. त्याचं नाव कपिल. साताऱ्यातल्या गोडोलीचा. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या मुलांनी मिळून रेसची एक लहानशी गाडी बांधली होती. ती चालवायला कपिल बसला आणि मग उतरलाच नाही म्हणा ना. पुढे कॉम्प्युटरवरच्या शर्यतीत त्याने जगभरच्या पोरांना मागे टाकलं, त्यातून तो इंग्लंडला गेला, तिकडच्या लहान गटांतल्या खऱ्या शर्यती जिंकल्या, आणि शेवटी फॉर्म्युला वनच्या एका संघात पोचला. पोचला म्हणजे दारापर्यंत पोचला. तिथे त्याला राखीव ड्रायव्हर म्हणून घेतलं. संघाच्या कारखान्यात एक खोटी गाडी होती, तिच्यापुढे भिंतीएवढा पडदा. तिच्यात बसून त्याने दिवसच्या दिवस गाडी हाकायची आणि कुठल्या वळणावर काय बदलायचं ते इंजिनिअरांना सांगायचं. वर्षातून दोनदा, शुक्रवारी, सरावाचा एक तास खरी गाडी हातात मिळे. तेव्हाही कानात एकच सूचना असे : काही मोडू नकोस. तास संपला की उतरायचं, घाम पुसायचा आणि कानाला हेडफोन लावून मागे उभं राहायचं. अशी चार वर्षं झाली होती.

कपिलची भाची आम्रपाली, घरी तिला आमू म्हणत. ती पाचवीत होती. तिचे बाबा सैन्यात, जम्मूकडे. आई अंजना एका दवाखान्यात सिस्टर होती. घरी दुपारभर आमू आणि तिचे आजोबा, म्हणजे अंजना-कपिलचे वडील, धोंडिराम. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती.

शर्यतीच्या दिवशी दोघं मोबाइलवर डोकी टेकवून बसत. गाड्या कोण पुढे कोण मागे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त गॅरेज बघायचं असे. कॅमेरा तिकडे वळला की मागच्या भिंतीला टेकलेला, हेडफोन लावलेला मामा अर्धा सेकंद दिसे.

"त्यो बघ! दिसला का?"

"दिसला. दाढी वाढवलीय आबा त्यानं."

"जेवतो का न्हाई कुणास ठाव."

आमूला एकदा राहवलं नाही. ती म्हणाली, "आबा, मामा नुसता उभाच का असतो?"

आबा म्हणाले, "स्पेअर हाय त्यो. म्या बी दोन वर्सं स्पेअरला हुतो की, पाटण डेपोला. पहाटं पाचला जायाचं, बाकड्यावर बसायचं. कुणाचं पोरगं आजारी, कुणी दांडी मारली, की साहेब वरडायचा, 'धोंडिराम, घे गाडी.' न्हाई वरडला तर दिवसभर बसायचं. पर एक हाय आमू. स्पेअरचा माणूस गेटाभाईर जात न्हाई. च्या प्यायला बी न्हाई. ज्या दिवशी जाशील, त्याच दिवशी साहेब हाक मारणार."

आमूने ते ऐकलं. तिच्या ध्यानात मात्र राहिलं नाही, कारण तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं.

तिच्या वर्गात शंभूराज नावाचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांची मोठी गाडी होती आणि त्याला शर्यतींतलं सगळं पाठ होतं. आमूने वर्गात सांगून ठेवलं होतं, माझा मामा फॉर्म्युला वनमध्ये आहे. शंभूराजने यादीच काढली. वीसच्या वीस ड्रायव्हरांची नावं त्याने फळ्यावर लिहिली आणि खडू पुढे केला.

"कुठंय तुझा मामा? दाखव."

"तो राखीव आहे."

"राखीव म्हंजे टायर पुसणारा व्हय?" वर्ग हसला. "अगं, माझे पप्पा पण रोज गाडी पुसतात. ते पण फॉर्म्युला वनमध्ये आहेत मग!"

त्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं, की सोमवारी ज्यांना जमेल त्यांनी घरचं एखादं मोठं माणूस आणावं, ते काय काम करतात ते वर्गाला सांगतील. आमू सगळ्यांच्या आधी उभी राहिली आणि म्हणाली, "माझा मामा येणार आहे. हेल्मेट घेऊन." का म्हणाली? बोलून बसली. तुमचंही कधी असं झालं असेल.

आता मामाला बोलवायचं कसं? तो 'दिवाळीला येतो' म्हणे आणि दिवाळी निघून जाई. पण मामा एकदा ताबडतोब आला होता, तेही समुद्रापलीकडून. तीन वर्षांपूर्वी. आजी गेली तेव्हा.

ही एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आपल्याकडे घरातलं कुणी गेलं, तर लांबच्या माणसाला फोनवर तसं सांगत नाहीत. वाटेत एकटाच असेल, गाडी चालवत असेल, धीर सुटेल. म्हणून एवढंच म्हणतात, 'बरं नाही, निघून ये.' त्याने कितीही खोदून विचारलं तरी पुढे काही बोलत नाहीत. ऐकणाराही काय समजायचं ते समजतो आणि पिशवी उचलतो. त्या दिवशी अंजना दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि फोनवर कपिलला सांगत होती, "आईला बरं न्हाई. लगेच निघ." तो काहीबाही विचारत होता आणि ती पुनःपुन्हा म्हणत होती, "तू ये." आमू तेव्हा सात वर्षांची, आईचा पदर धरून उभी. त्या वाक्याच्या पोटात काय आहे ते तिला कुणी सांगितलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की हे वाक्य म्हटलं की मामा येतो. आला होता, तरी माती होऊन गेली होती. पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी घरी वंदना म्हणतात तेव्हा, तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. ते मात्र आमूला आठवत नव्हतं.

गुरुवारी ती सकाळची शाळा करून घरी आली. आई दुपारच्या ड्यूटीला गेलेली. आबा जेवून आडवे झाले होते. आदल्या दिवशी त्यांना पायरीवर चक्कर आली होती आणि त्यांनी आमूला बजावलं होतं, "आईला बोलू नगंस, उगंच सतरा तपासण्या करील." म्हणजे बरं नाही हे अगदीच खोटं नव्हतं, असं आमूने स्वतःला समजावलं. तिने आबांच्या उशाचा मोबाइल घेतला आणि परसात पेरूच्या झाडाखाली जाऊन मामाला लावला.

"बोला आबा," पलीकडून मामाचा आवाज आला. मागे कसली तरी घरघर चालली होती.

"मी आमू."

"काय गं राणी?"

"आबांना बरं न्हाई. लगेच निघ."

घरघर लांब गेली. मामा चालत बाहेर आला असावा.

"आबांना दे फोन."

"झोपलेत."

"आक्का कुठाय?"

"दवाखान्यात."

"आमू," मामाचा आवाज एकदम बारीक झाला, "खरं सांग बाळा. काय झालंय?"

आमूला आई आठवली, चौकटीला धरून उभी राहिलेली. आई जे म्हणाली होती तेच ती म्हणाली.

"तू ये."

मामाने फोन ठेवला. त्याने लगेच अंजनाला लावून पाहिला, पण ड्यूटीवर तिचा फोन कपाटात असे. चारदा वाजला, कुणी उचलला नाही. उचलला नाही यातच त्याला उत्तर मिळालं. संघाच्या प्रमुखाकडे जाऊन त्याने सांगितलं, माझे वडील गेले. त्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, जा. रात्री घरी आल्यावर अंजनाने फोन बघून उलटा लावला, तोवर कपिल विमानात होता.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला दाराशी टॅक्सी थांबली. आबा पायरीवर बसून शेंगा फोडत होते. आमू शाळेचा गणवेश न काढताच त्यांच्या शेजारी बसून दाणे खात होती. टॅक्सीतून मामा उतरला. हातात बॅग नाही, अंगात संघाचा निळा टीशर्ट, डोळे सुजलेले. फाटकाची कडी धरून तो उभा राहिला आणि आबांकडे बघत राहिला.

"आरं! कपिल? तू हितं कसा? आज सराव न्हवं का तुमचा?"

मामा फाटकाबाहेर तिथेच मातीत खाली बसला. त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते कळेना.

"काय झालं रं? मला जित्ता बघून येवढं वाईट वाटलं व्हय?"

आवाज ऐकून अंजना ओला हात पदराला पुसत बाहेर आली. दोघांनी मिळून मामाला आत आणलं, पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "आक्का, काल आबांच्या फोनवरनं फोन आला. बरं न्हाई, लगेच निघ म्हणून."

"कुणी केला?"

मामाने आमूकडे बघितलं. अंजनानेही बघितलं. आमूच्या तोंडात अजून दाणे होते. ते गिळता येईनात आणि थुंकताही येईनात. त्याच क्षणी तिच्या तोंडून निघून गेलं, "आबांनीच सांगितलं करायला."

आबांच्या बोटांत अर्धवट फुटलेली शेंग होती. ती त्यांनी तशीच धरून ठेवली. आमूकडे एकदा नीट बघितलं. मग म्हणाले, "व्हय. म्याच सांगितलं. बुधवारी जरा चक्कर आलती. म्हणलं, पोराला बघून घ्यावं."

"चक्कर आलती?" अंजना कडाडली. "आणि मी घरात सिस्टर असून मला सांगायचं न्हाई? आवं आबा, तुमाला काय म्हणावं आता! आणि ह्या पोरीच्या तोंडनं असला निरोप धाडायचा?"

"चुकलं बाई. वरडू नगंस."

ती दुपार मात्र चांगली गेली. मामा भाकरी आणि खरडा खाऊन आबांच्या मांडीला टेकून लवंडला. म्हणाला, "आबा, मी तिकडं सांगून आलोय की तुमी गेला."

आबा पोट धरून हसले. "मग रजा तर भरपगारी मिळाली न्हवं? आमच्या डेपोला गुंडा म्हणून एक कंडक्टर हुता. त्यानं एकच आजी तीनदा मारली रजेपायी. चौथ्यांदा खरंच मेली, तर साहेब म्हनला, 'गुंडा, हिला आता तरी निवांत पडू दे.'"

"आता त्यांना कळवायला पायजे," मामा म्हणाला. "काय लिहू? वडील परत आले?" त्याने फोन काढला, काही अक्षरं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. "उद्या कळवतो," म्हणून फोन पालथा ठेवला. अशी अवघड गोष्ट उद्यावर टाकावीशी वाटते, मोठ्यांनाही.

आमूला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. मामा आला, कुणी रागावलं नाही, आबा हसतायत. फक्त आबा तिच्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, ते तिला खुपत होतं. बोलले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी मामाने तिला गाडी चालवायला शिकवलं. स्वयंपाकघरातलं एक मोठं स्टीलचं ताट तिच्या हातात दिलं, स्टुलावर बसवलं आणि डोळे मिटायला लावले.

"ही उद्याच्या रेसचीच वाट. आता सरळ रस्ता. हळूहळू चढ. तुझं पोट आत जातंय का? मग बरोबर. पुढं डावीकडं एक वळण हाय, पण ते दिसत न्हाई, कारण चढाच्या पलीकडं हाय. दिसायच्या आधीच वळवायचं."

"दिसत न्हाई तर कसं वळवायचं?"

"पाठ असतं गं. मी ह्या वळणावर त्या खोट्या गाडीत किती हजार वेळा गेलो असेन. खऱ्या शर्यतीत एकदाबी न्हाई. वळव!"

आमूने ताट वळवलं आणि स्टुलावरून पडता पडता राहिली. मामा हसला. तेव्हाच, दीडच्या सुमाराला, त्याचा फोन वाजला.

तो इंग्रजीत बोलत होता. बोलत कसला, ऐकतच होता. "येस" म्हणाला, मग "आय सी" म्हणाला, मग "थँक यू" म्हणाला. फोन खाली ठेवून तो ताटाकडे बघत बसला. ताटात त्याचं तोंड वेडंवाकडं दिसत होतं.

"काय झालं?" अंजनाने विचारलं.

"आमचा पहिला ड्रायव्हर सकाळी पोटात कळ येऊन पडला. अपेंडिक्स. ऑपरेशनला नेलाय." मामा सावकाश बोलत होता. "दुसऱ्या एका संघाचा राखीव पोरगा उसना घेतलाय त्यांनी. आज सराव, मग संध्याकाळी क्रम ठरायची फेरी, उद्या रेस. मला म्हणाले, तू काळजी करू नको. अशा वेळी आम्ही तुला बोलवणार न्हाई. तू तुझ्या माणसांत राहा."

चार वर्षांत पहिल्यांदा साहेबाने हाक मारली होती, आणि बाकडं रिकामं होतं.

"आत्ता निघालास तर?" आबांनी विचारलं.

"आबा, अडीच तासांत सराव सुरू व्हतोय. मुंबईला पोचायलाच सहा तास."

चार वाजता मामाने लॅपटॉप उघडला. बघू नको म्हणून अंजना दोनदा म्हणाली, पण त्याला बघायचंच होतं. सगळे चटईवर बसले. पडद्यावर निळं गॅरेज आलं. उसना पोरगा गाडीत बसत होता, त्याला ती नीट बसत नव्हती. कुणाच्या तरी मापाचं दुसरंच काहीतरी आत बसवून, कडेने गाद्यांचे तुकडे कोंबत होते. मामाची पेटी तिथेच कुठेतरी मागे असणार.

आबा पुढे झुकले. गॅरेजमधल्या सगळ्या माणसांच्या दंडाला काळ्या फिती होत्या. हेल्मेट घातलेल्या टायरवाल्यांच्याही.

"कोण गेलं रं त्यांचं?" आबांनी विचारलं.

मामा पडद्याकडेच बघत राहिला.

"कपिल? काळ्या फिती कशापायी लावल्यात?"

समालोचक इंग्रजीत काहीतरी हळव्या आवाजात सांगत होता. त्यात मामाचं नाव आलं, आणि 'फादर' हा शब्द आमूलाही कळला.

"तुमच्यासाठी हाय ते, आबा," मामा म्हणाला.

आबा सावकाश मागे सरले आणि भिंतीला टेकले. या वेळी ते हसले नाहीत. उसन्या पोराने गाडी बाहेर काढली. ज्या वळणावर आमू ताटासकट कलंडली होती, त्या वळणावर तो पोरगा चुकला, बाहेर गेला, सावरून परत आला. मामाचा उजवा पाय चटईवर आपोआप दाबला गेला, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली होता. मग त्याने लॅपटॉप मिटला.

"आबा, एक विचारू?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. आमू आईच्या पाठीमागे सरकली. "तुमी स्वतः स्पेअरला बसलाय. दोन वर्षं. स्पेअरचा माणूस गेटाभाईर जात न्हाई, हे तुमीच मला शिकवलं. आई गेली ते दिवस सोडले, तर मी चार वर्षं गेलो न्हाई. अंगात ताप असला तरी जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. यंदा माझा करार संपतोय. एक रेस, एकच रेस मिळाली असती, तर कुणीतरी मला बघितलं असतं. दुसरं कुणी बोलवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण तुमी, आबा? तुमाला तर कळायला पायजे हुतं."

आबांची नजर समोरच्या चटईवर होती. आमूला वाटलं, आता ते सांगणार. सांगितलं तर काय होईल, आणि नाही सांगितलं तर काय होईल, दोन्ही तिला एकदमच दिसलं.

"चुकलं गड्या," आबा म्हणाले. "म्हातारपण. लय आठवण आली तुझी."

"आठवण," मामा म्हणाला आणि उठून परसात गेला. अंजना त्याच्या मागे गेली. आमू आणि आबा दोघंच उरले. आबांनी हात लांब करून तिच्या केसांतून एकदा फिरवला आणि म्हणाले, "जा, अभ्यास कर." तो हात तिला फार जड लागला.

संध्याकाळी मामा जेवला नाही. आबांनी त्याच्या ताटाशेजारी शेंगदाण्याची चटणी सरकवली, ती तशीच राहिली. आबा एरवी जेवताना डेपोच्या चार गोष्टी सांगत, पण त्या दिवशी लवकर हात धुऊन उठले. मामा आबांशी उद्धट वागला नाही. उलट फार नीट वागला, परक्या माणसाशी वागावं तसं. "पाणी देऊ का?" "औषध घेतलं का?" एवढंच. आबा "व्हय" म्हणत आणि खाली बघत. दोन दिवसांत ते एकदम थकल्यासारखे दिसायला लागले होते.

रविवारी सकाळी साडेसातला टॅक्सी आली. मामाने अंजनाला मिठी मारली. आमूच्या गालाला हात लावला. "सोमवारी शाळेत काहीतरी हाय म्हणत हुतीस न्हवं? राहून गेलं बघ ते. सांग त्यांना, मामाला काम हुतं." आणि आबांकडे न वळता, "येतो," एवढंच हवेत म्हणून तो पायऱ्या उतरला.

आबा पेरूच्या झाडाला पाणी घालत होते. झाडाखाली आधीच चिखल झाला होता, तरी पाइप त्यांनी तिथेच धरला होता. ते फाटकाकडे पाठ करून उभे होते. त्यांचे खांदे आमूला कधी एवढे लहान दिसले नव्हते.

टॅक्सीचं दार बंद झालं. इंजिन सुरू झालं.

बाळांनो, आमूपुढे तेव्हा एक सोपी वाट होती. गप्प राहायचं. गाडी वळणावरून गेली असती, आबा कुणाला कधीच काही बोलले नसते आणि मामाला आयुष्यभर काही कळलं नसतं. तिला हे सगळं समजत होतं. दहा वर्षांच्या मुलीला बरंच समजतं.

ती चपला न घालताच धावली. फाटकातून बाहेर पडून थेट टॅक्सीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात गरम बॉनेटवर टेकले. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, डोकं बाहेर काढून ओरडला, "ए पोरी, मरायचंय का?" मामाने काच खाली केली. आमू त्याच्या खिडकीपाशी गेली. तिला रडू येत होतं, पण तिने ते दाबून धरलं. आधी रडलं तर मामा उतरून जवळ घेईल, आणि मग सांगायचं राहून जाईल, हे तिला ठाऊक होतं. परसातल्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात ती बोलली.

"मामा, आबांनी न्हाई. आबा तवा झोपले हुते, त्यांना म्हाईतच न्हवतं. फोन मी माझ्या मनानं केला. मला तू वर्गात यायला पायजे हुतास, म्हणून केला. आणि आबांचं नाव पण मीच घेतलं."